वाचून झालं का?

पक्षी पाळायचा ठरला की घरात बैठका होतात त्या पिंजऱ्याच्या वरच्या भागाबद्दल. रंग कुठला, जोडी आणायची की एकच, नाव काय ठेवायचं, पिंजरा गॅलरीत टांगायचा की हॉलमध्ये, शेजारच्या मांजराचं काय करायचं. झोपाळा, घुंगरू, चोच घासायला समुद्रफेनाचा तुकडा, सगळ्याची यादी होते. तळाशी काय अंथरायचं हा विषय कोणी काढत नाही. तो पक्षी स्वतः काढतो, आणि घरी आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काढतो.

बजरीगर असो की लव्हबर्ड, दिवसा दर १५-२० मिनिटांनी त्याचा एक ठिपका खाली पडतो. उडणाऱ्या जिवाला पोटात ओझं साठवून परवडत नाही, त्यामुळे ‘आलं की टाकलं’ एवढंच त्याचं धोरण. शिवाय राळ्याची फोलपटं, आंघोळीचे शिंतोडे, गळलेली पिसं, दोन चोची मारून नापसंत केलेली कोथिंबीर. वरचा भाग पाहुणे बघतात. आमच्याकडे पक्षी मुलीचे आहेत आणि ट्रे माझा आहे.

खालच्या मजल्यावरचा तरुण या बाबतीत माझ्यापेक्षा पद्धतशीर. सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे तो कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचा तक्ता करतो. कॉकटील आणला तेव्हा पिंजऱ्यात घालायच्या अस्तराचाही केला. किंमत, शोषण, वास आणि शेवटचा रकाना ‘किती दिवस टिकतं’. तक्ता मला दाखवायला वर आला तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा तक्त्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. “पेपर घेत नाही का रे तू?” त्याने नाही म्हटल्यावर अण्णांच्या दृष्टीने मुलाखत तिथेच संपली.

पण पोरगं चिकाटीचं. आधी त्याने लाकडाचा कीस आणला. पिशवी उघडली की हिमालयात गेल्यासारखं वाटायचं. अडचण तीच. देवदार, पाइन यांचा जो सुवास आपण छाती भरून घेतो, ती त्या लाकडातली उडून जाणारी तेलं असतात, आणि पक्ष्याची छाती आपल्यासारखी नसते. त्याच्या लहानशा फुप्फुसांना जोडून अंगभर हवेच्या पिशव्या पसरलेल्या असतात. घेतलेल्या श्वासातला प्राणवायू तो आपल्यापेक्षा कितीतरी काटेकोरपणे वसूल करतो, आणि प्राणवायूबरोबर जे काही येईल तेही. याच गुणामुळे ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पिंजऱ्यातली कॅनरी खाली नेत. ही नोकरी १९८६ पर्यंत चालू होती. कॅनरीला निवृत्तिवेतन मिळालं की नाही कळत नाही, पण तिच्या भाऊबंदांना चोवीस तास देवदाराच्या धुरीत बसवू नये एवढा धडा घ्यायला हरकत नाही. वखारीतला फुकटचा भुसा तर आणखी बेभरवशाचा. तो कुठल्या लाकडाचा, त्यात प्लायवुड किती, वाळवीचं औषध कुठलं, हे वखारवालाही सांगू शकत नाही.

मग मक्याच्या कणसाचा भरडा आला. दिसायला देखणा, रव्यासारखा. एप्रिलमध्ये उत्तम. पण जुलैत आमच्या पुण्यात पापड सादळतात, पुस्तकं सादळतात, माणसंही जराशी सादळतात, तिथे ओला भरडा मागे कसा राहील? त्यावर बुरशी धरते, आणि ॲस्परजिलस नावाची बुरशी पक्ष्याच्या श्वसनमार्गात शिरली की ती काढणं फार अवघड. अक्रोडाच्या कवचाचा चुरा टोकदार, शिवाय धान्यासारखा दिसणारा. पक्ष्याने गिळला तर अन्ननलिकेत अडकून बसायची भीती. मांजराच्या शौचपेटीत घालतात ती माती ओली झाली की घट्ट गोळा होते, हा तिचा गुण पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तोच गोळा पक्ष्याच्या पोटात झाला तर काय, हे छापलेलं नसतं. आईने गोणपाट सुचवलं. पण सुटलेल्या धाग्यात पक्ष्याची बोटं अडकतात, कधीकधी अशी की रक्तपुरवठाच तुटतो. आईला हे पटलं, कारण तिच्या विणकामाच्या पिशवीत आमची गुलाबी तोंडाची लव्हबर्ड चिंगी एकदा शिरून आलेली आहे.

मला या सगळ्या सामानातलं सर्वांत संशयास्पद वाटतं ते म्हणजे तक्त्यातला शेवटचा रकाना. बहुतेक पाकिटांवर तेच आश्वासन असतं. आठवडाभर बदलायला नको, वास येत नाही, डाग दिसत नाहीत. म्हणजे घाण असते; फक्त ती तुम्हाला कळत नाही. पिंजऱ्याच्या अस्तराबाबत हे गुणवर्णन नसून तक्रार आहे. आणि पैसे मोजून आणलेली वस्तू तीन दिवसांत फेकायला मध्यमवर्गीय हात धजत नाही. ‘वरचं वरचं काढू, खालचं अजून बरं आहे’ हे वाक्य आपल्या घरांत पुलावापासून पडद्यापर्यंत सगळ्याला लागू होतं. महागड्या अस्तरावर पक्षी दिवसेंदिवस बसतो तो या वाक्यामुळे. अस्तर असं हवं की फेकताना मनाला काहीही वाटू नये. या कसोटीवर कालच्या वर्तमानपत्राशी बरोबरी करील अशी वस्तू अजून कोणी बाजारात आणलेली नाही.

अण्णांच्या लहानपणी वाड्यात पोपट होता. त्याच्या पिंजऱ्याखाली काय असायचं असं विचारलं तर ते म्हणतात, “अंगण.” पिंजरा टांगलेला, खाली शेणाने सारवलेली जमीन, प्रश्न मिटला. आता अंगणं गेली आणि तो पोपटही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. तो आमच्या समोरच्या गुलमोहरावर मोकळा बसून जो आरडाओरडा करतो तो पिंजऱ्यात मावला नसता. घरात उरले ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले परदेशी. बजरीगर आणि कॉकटील ऑस्ट्रेलियाचे, गुलाबी तोंडाचे लव्हबर्ड नामिबिया-अंगोलाकडच्या कोरड्या मुलखातले. या सगळ्यांना सध्या मराठी वर्तमानपत्राचं वेड आहे.

वर्तमानपत्राचा कागद या कामाला इतका चपखल बसतो याला कारण आहे. लिहायच्या कागदाला खळ दिलेली असते, त्यामुळे शाई पसरत नाही. वर्तमानपत्राच्या कागदाला ती जवळजवळ नसते, कारण छपाईची शाई त्याने झटकन पिऊन टाकायची असते. अण्णा शब्दकोडं शाईच्या पेनाने सोडवत नाहीत ते याचमुळे. ‘क’ लिहिला की ‘फ’ होतो. शाई पिणारा कागद बाकीचंही पितो. चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या आसपास वजन, म्हणजे पाच-सहा पानं एकावर एक टाकून रोज वरचं पान काढत गेलं की रोज सकाळी नवा ट्रे. गुळगुळीत कागदाच्या पुरवण्या इथे कुचकामी. त्या कागदावर चिनी मातीचा लेप असतो. त्यावर पडलेलं पाणी घसरतं, जमतं आणि वाट बघत बसतं.

शाईबद्दल मात्र लोक घाबरवतात. “त्यात शिसं असतं हो!” असं सोसायटीतल्या एका काकूंनी जिन्यात थांबवून सांगितलं. शिसं असायचं ते जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांत, टाइपात. वर्तमानपत्राच्या काळ्या शाईचा रंग येतो काजळीपासून, आणि काजळी कालवलेली असते तेलात. म्हणून ती खायची वस्तू झाली असं नव्हे. २०१८च्या पॅकेजिंग नियमांपासून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई आहे. वडापावाला कागदातून बाहेर काढलं गेलं आणि पिंजरा हा वर्तमानपत्राचा शेवटचा हक्काचा गिऱ्हाईक उरला. पक्ष्याचं फळ त्या कागदावर ठेवू नये, आणि बोटाला शाई लागते आहे तोवर अंक अंथरू नये. एक दिवस शिळा झाला की बरा. या वैज्ञानिक सावधगिरीमुळे आमच्या घरातली शांतता टिकली, कारण आजच्या अंकावर संध्याकाळपर्यंत अण्णांची मालकी असते. पूर्वी मी सकाळी साडेनऊलाच ‘वाचून झालं का?’ म्हणून त्यांच्यासमोर उभा राहायचो, आणि ते अग्रलेखाच्या पहिल्या परिच्छेदापाशी परत जाऊन तो मुद्दाम सावकाश वाचायचे.

पण कुठला कागद हे ठरलं की लगेच पुढचा प्रश्न, कुठलं पान. इथे माणसाचा स्वभाव मध्ये येतो. पक्ष्याला काही नसतं.

आईचे नियम कडक आहेत. देवाचं चित्र असलेलं पान ट्रेमध्ये जायचं नाही. आपल्याकडे कागदाला पाय लागला तरी हात डोळ्यांना लावतात; त्याच कागदावर पक्ष्याला मोकळं सोडायचं म्हणजे तिची आधीच कुचंबणा होते. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, आषाढी, या काळात अख्खा अंकच अडचणीत येतो. मग ती कात्री घेऊन बसते आणि विठोबा, अंबाबाई, दगडूशेठ सगळ्यांना अलगद कापून बाजूला काढते. त्या दिवसांत आमच्या ट्रेवरच्या कागदाला वाड्यासारख्या खिडक्या असतात. श्रद्धांजलीची छायाचित्रंही तिला चालत नाहीत. “गेलेलं माणूस कोणाचं तरी असतंच की,” म्हणते. निधनवार्ता तर अंथरायच्या आधी तिला वाचूनच दाखवाव्या लागतात, कारण सकाळी त्या नजरेतून सुटल्या तर निदान ट्रेपाशी तरी कळलं पाहिजे. पुढाऱ्यांच्या छायाचित्रांना तिची हरकत नसेल अशी माझी समजूत होती. “काढ ते,” ती म्हणाली. “आपणच निवडून दिलंय ना?”

माझा निकष निराळा. ट्रेवरचा कागद वाचता आला पाहिजे, म्हणजे त्यावरचा मजकूर नव्हे, त्यावर पडलेला. पक्ष्याच्या शिटेत तीन गोष्टी असतात. हिरवट-तपकिरी वळी, तिच्यावर पांढरा खडूसारखा भाग आणि भोवती पाण्याचं वर्तुळ. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा दिसू लागला तर यकृताची शंका घेतात. सगळंच काळपट झालं तर पोटात रक्तस्राव असू शकतो. पक्षी आजार लपवण्यात पटाईत. पिसं फुगवून बसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. ट्रे मात्र लपवत नाही, जर कागदाने लपवलं नाही तर. म्हणून गृहप्रकल्पाची पानभर रंगीत जाहिरात या कामाला निकृष्ट. तिथे निळं आकाश, हिरवळ, तरणतलाव, आणि चिंगीने नेमकं काय केलं आहे ते हिरवळीत ओळखू येत नाही. क्रीडापान मध्यम. शेअरबाजाराचे आकडे चांगले. कवितेचं पान अतिशय चांगलं, मोकळी जागा भरपूर असते आणि कवींनी ती उदारपणे सोडलेली असते. पण सर्वोत्तम म्हणजे निविदा सूचना. एकसारखा बारीक ठसा, रंग नाही, चित्र नाही, देव नाही, पुढारी नाही, आई-अण्णांपैकी कोणाचाही त्यात जीव अडकलेला नाही. जिल्हा परिषदेच्या डांबरीकरणाच्या पानावर पक्ष्याची तब्येत जितकी स्वच्छ दिसते तितकी दुसरीकडे कुठेच नाही. पक्षी आजारी असेल तर मात्र स्वयंपाकघरातला पांढरा टिश्यू कागद घालावा, तिथे काटकसर नको.

एकदा चिंगीचा ट्रे लालभडक दिसला. घरात रडारड. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, पक्ष्याबरोबर कालचा कागदही घेऊन या. रिक्षातून पिंजरा घेऊन जाणं सोपं. घडी न घालता कागद नेणं कठीण. मुलीने तो ताटावर ठेवून ताट मांडीवर घेतलं. दवाखान्यात आणखी दोघेजण आपापली पानं घेऊन बसले होते, आणि तिघे एकमेकांच्या पानांकडे चोरून पाहत होते. डॉक्टरांनी पान उजेडात धरलं आणि विचारलं, “बीट दिलंत का?” आईने कोशिंबिरीतला एक घास प्रेमाने दिलेला होता. डॉक्टरांनी मग कागद काढण्याची रीत मात्र समजावली, ती सांगण्यासारखी आहे. वाळलेल्या शिटेची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. कागदावर आधी थोडं पाणी शिंपडायचं, कडा आत दुमडत गुंडाळी करायची, नंतर हात धुवायचे. १९२९-३० मध्ये अर्जेंटिनातून निर्यात झालेल्या पोपटांबरोबर सिटाकोसिस या पक्ष्यांकडून माणसाला होणाऱ्या रोगाची साथ अमेरिकेत आणि युरोपात पोचली होती, ती अशाच धुळीतून पसरणारी.

आता रद्दीचं अर्थकारण. आमच्या भागात इंग्रजी पेपरच्या रद्दीला मराठीपेक्षा किलोमागे थोडा जास्त भाव मिळतो. त्यामुळे मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून घेतलेला आणि कोणीच न उघडलेला इंग्रजी अंक करकरीत अवस्थेत रद्दीवाल्याकडे जातो, आणि पिंजऱ्यात मराठी अंथरला जातो. मुलगी इंग्रजी माध्यमात, पक्षी मराठी माध्यमात. दिवाळी अंक यातून कायमचे वगळलेले आहेत. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने ही परंपरा सुरू केली, आणि तेव्हापासून मराठी घरांत दिवाळी अंक न वाचता जपून ठेवतात. माळ्यावर त्यांच्या थप्प्या आहेत. पेपर वाचतो आणि फेकतो. दिवाळी अंक फेकत नाही, म्हणजे वाचला नाही तरी चालतो.

चिंगीचं आणि कागदाचं आणखी एक नातं आहे. ते लक्षात न घेता अस्तर निवडलं तर घर बारा महिने बाळंतिणीचं होतं. तिच्या जातीची मादी कागदाच्या कडेला चोचीने ओळीने भोकं पाडत जाते, पोस्टाच्या तिकिटांच्या कडेला असतात तशी, आणि एकसारखी लांबट पट्टी सोडवून घेते. मग ती पट्टी पाठीच्या खालच्या पिसांत खोचते. दुसरी कापते, तीही खोचते. पाठीवर डांबरीकरण आणि शुद्धिपत्रकं लटकवून ती घरट्याकडे निघते तेव्हा वरात निघाल्यासारखं दिसतं. फिशर जातीची तिची चुलत बहीण असं करत नाही. ती एकेक पट्टी चोचीतच नेते. कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम डिल्गर यांनी या दोन जातींचा संकर करून पाहिला आणि १९६२ मध्ये त्यावर लिहिलं. संकरित पोरींची पंचाईत झाली. पट्टी पिसांत खोचायला जायच्या, अर्धवट खोचायच्या, सोडायच्या नाहीत, मग तीच ओढून काढायच्या. आईकडची रीत सुटेना आणि बापाकडची जमेना. शेवटी चोचीत न्यायला शिकायला त्यांना वर्षं लागली, आणि शिकल्यावरही निघण्याआधी मान मागे वळवायच्या, उगीच. माझ्या मते लग्न झालेल्या कुठल्याही माणसाला या पक्ष्यांविषयी सहानुभूती वाटेल.

सांगायचं म्हणजे, कागद हाताशी आला की मादीला घरट्याचे वेध लागतात, आणि अंड्यांवर अंडी घालून तिच्या हाडांतलं कॅल्शियम रिकामं होतं. म्हणून आमचा कागद जाळीच्या खाली असतो, चिंगीच्या चोचीच्या टापूबाहेर. ती जाळीतून निविदा सूचनांकडे ज्या नजरेने पाहते तसं कुठल्या कंत्राटदाराने पाहिलं नसेल.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि काही दिवस पेपर येणंच थांबलं. सगळे फोनवर बातम्या वाचू लागले. फोन ट्रेमध्ये अंथरता येत नाही. मी माळ्यावरची रद्दी शिधा वाटावा तशी रोज थोडी खाली उतरवू लागलो, जुन्यातून जुनी. त्या आठवड्यात पिंजऱ्यात आदल्या नोव्हेंबरमधला पहाटेचा शपथविधी अंथरलेला होता. अण्णा सकाळचा चहा घेऊन स्टुलावर पिंजऱ्यासमोर बसायचे आणि जाळीतून तो पुन्हा वाचायचे. मध्येच चिंगीला म्हणायचे, “बाजूला हो जरा.” शब्दकोडं कोणीतरी आधीच सोडवलेलं आहे आणि तेही स्वतःच्याच अक्षरात, याचा त्यांना फार राग यायचा.

खालच्या तरुणाचा तक्ता त्याच सुमारास बंद पडला. ऑनलाइन मागवलेला भरडा कुठल्यातरी गोदामात अडकला होता. एका संध्याकाळी तो मास्क लावून दाराबाहेर उभा राहिला. “काका, थोडी रद्दी मिळेल?” मी गठ्ठा दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिला. गाडी रुळावर आल्यावर त्याने स्वतःचा पेपर लावला, आयुष्यात पहिल्यांदाच. पोऱ्याने चुकून त्याचा अंक आमच्या दारात टाकला की अण्णा तो परत करण्याआधी त्यातलंही कोडं सोडवून टाकतात.

परवा जिन्यात भेटला. आता कॉकटीलही दोन झाले आहेत. वहीत काहीतरी नोंद करायच्या तयारीत त्याने विचारलं, “काका, निविदा सूचना सर्वांत जास्त कुठल्या पेपरात येतात?”

मी काही बोलायच्या आत अण्णांनी वरून आवाज दिला. “मार्चमध्ये सगळ्यांत येतात रे. सांग त्याला, आर्थिक वर्ष संपताना साठा करून ठेव.”